मराठी शब्द स्वाहिलीत न्यायचाय? ‘राइस’चा वळसा टाळा

टांझानियातल्या दार-ए-सलामला किंवा केनियातल्या नैरोबीला नोकरी लागली की माणूस वहीत कामापुरते स्वाहिली शब्द लिहायला घेतो. पहिली चूक तिथेच होते. आपण मनात ‘भात’चं ‘राइस’ करतो आणि मग ‘राइस’चं स्वाहिली शोधतो. पण स्वाहिलीत शेतात उभा असतो तो ‘म्पुंगा’, दुकानातून आणतात तो ‘म्चेले’ आणि ताटात वाढतात तो ‘वाली’. म्हणजे आपले साळ, तांदूळ आणि भात. दोन्हीकडे शब्द तीन, मधल्या इंग्रजीकडे एकच. म्हणून यादी करताना मराठी शब्दासमोर इंग्रजी लिहूच नका, वस्तू कोणत्या अवस्थेत आहे ते लिहा. तसंच नारळाचं: पिकलेला, खोवायचा तो ‘नाझी’ (दचकू नका), पाणी प्यायचं शहाळं म्हणजे ‘दाफू’.

दुसरी पायरी नात्यांची. ‘अंकल’ला बाजूला ठेवलंत की काम सोपं होतं. मामा म्हणजे ‘म्जोंबा’, आत्या म्हणजे ‘शंगाझी’. वडिलांचा थोरला भाऊ ‘बाबा म्कुब्वा’, धाकटा ‘बाबा म्दोगो’, शब्दशः मोठे बाबा आणि धाकटे बाबा. मावशीही तशीच, ‘मामा’ला हेच शब्द जोडून. हो, स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई! आणि ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘दादा’ म्हणजे बहीण. ‘बाबा’ तेवढे दोन्हीकडे बाबाच. ही चौकट वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

आता व्याकरण, आणि इथे जरा थांबावं लागतं. प्रत्येक नामाचं अनेकवचन त्याच ओळीत लिहा, कारण बदल शब्दाच्या शेवटी नाही, सुरुवातीला होतो. ‘म्तोतो’ म्हणजे मूल, ‘वातोतो’ म्हणजे मुलं. ‘किसू’ म्हणजे सुरी, ‘विसू’ म्हणजे सुऱ्या. गंमत ‘किताबू’ची आहे. शब्द अरबीतून आला, आपल्या ‘किताब’चा भाऊ. पण स्वाहिलीने त्यातला ‘कि’ स्वतःचा उपसर्ग मानला आणि अनेकवचन केलं ‘विताबू’. विशेषणही नामामागून येतं आणि त्याचाच उपसर्ग लावतं: चांगलं पुस्तक ‘किताबू किझुरी’, चांगली पुस्तकं ‘विताबू विझुरी’, चांगलं मूल ‘म्तोतो म्झुरी’. आपण ‘चांगला-चांगली-चांगले’ करतो, तेच, फक्त दुसऱ्या टोकाला. म्हणून शब्दकोशात ‘विताबू’ शोधायचा तर ‘कि’पाशी जा. ‘अनासोमा’ (वाचतोय किंवा वाचतेय, तो-ती असा भेद नाही) हवा असेल तर पुढचं सोलून ‘सोमा’ शोधा.

ओळखीचे शब्द भरपूर भेटतील: साबुनी, दुका, रंगी, चाय, चपाती, पेसा, गारी. ‘मेझा’ ऐकलं की आपलं ‘मेज’ आठवेल. हे पाठ करायची गरज नाही, एकदा वाचा आणि पुढे चला.

वेळेचा शब्द मात्र कधीही सरळ भाषांतरित करू नका. तिथे दिवसाचे तास पहाटे सहाच्या सुमारापासून मोजायला लागतात, म्हणून ‘सा मोजा’, शब्दशः ‘एक वाजता’, म्हणजे आपले सात. सकाळी नऊची भेट ‘सा तातू असुबुही’, म्हणजे सकाळचे ‘तीन’. घड्याळात सहा तास मिळवा किंवा वजा करा.

आणि ‘आफ्रिकन भाषा’ नावाची एक भाषा नाही, हे यादीच्या वर लिहून ठेवा. पाणी स्वाहिलीत ‘माजी’, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूत ‘अमान्झी’; या दोघी बांटू नावाच्या भाषाकुळातल्या बहिणी. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसात तेच ‘रुवा’, तिथल्याच योरुबात ‘ओमी’, इथिओपियातल्या अम्हारिकमध्ये ‘वुहा’. योरुबात स्वराची उंची बदलली की अर्थ बदलतो. ‘ओको’ एका सुरात नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी. तेव्हा नुसतं देवनागरीत लिहून भागत नाही, अक्षरांवरच्या खुणा जशाच्या तशा उतरवा. झुलूत ‘सी’ हे रोमन अक्षर आपण हळहळताना जिभेने ‘च्च’ करतो तसं उच्चारतात. अम्हारिकची लिपी मराठी माणसाला सोपी जावी, कारण तिथेही प्रत्येक व्यंजनाची बाराखडीसारखी सात रूपं असतात. स्वाहिलीसाठी तर आपला बिनकामाचा ‘ङ’ कामी येतो: गाय म्हणजे ‘ङोंबे’.

शेवटी यादी तपासून घ्या, पण ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. भिडेखातर कुणीही ‘हो’ म्हणेल. वस्तू दाखवून ‘हिकी नी नीनी?’ (हे काय आहे?) विचारा आणि जे उत्तर येईल ते लिहा. समोरची व्यक्ती वयाने मोठी असेल तर आधी ‘शिकामो’ (मोठ्यांना करायचा आदराचा नमस्कार) म्हणायचं, त्यांचं उत्तरादाखल ‘मराहाबा’ येईपर्यंत थांबायचं, आणि मगच हातातली सुरी पुढे करायची.