शंका असेल तर दोन प्रती घ्या

बायबल वाचताना मन अडखळतं? अमेरिकेचा माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन याची रीत करून बघा: मनाला पटेल तेवढंच कापून वहीत चिकटवायचं. मी केली, रोज पहाटे चहाआधी अर्धा तास.

आधी एकाच छपाईच्या दोन प्रती घ्या. एक पुरत नाही. या पानावरचं कापलं की पाठचं गेलंच. मी कंजुषी केली आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाच्या चार ओळी केराच्या टोपलीत गेल्या. १८२० मध्ये, ७७ व्या वर्षी, जेफरसनने नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाच्या, सहा प्रती कापल्या: ग्रीक-लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी, प्रत्येकी दोन. चार भाषा शेजारी-शेजारी! मला मराठी पुरे.

पटेल ते कोऱ्या वहीत क्रमाने चिकटवा, चमत्कार बाजूला. खळ पातळच लावा, नाहीतर कागद सुरकुततो. त्याची वही येशूच्या थडग्यावर दगड लोटून संपते, पुनरुत्थान नाहीच. मी तिथे दहा दिवस अडले. म्हणून कात्रणं फेकू नका, पाकिटात ठेवा. माझी तीन परत वहीत आली.

आणि दाखवायची घाई नको. त्यानेही ती स्वतःपुरतीच ठेवली. त्याच साली राममोहन रॉय यांनी कलकत्त्यात येशूची शिकवण चमत्कार वगळून छापली, तर जवळच्याच सेरामपूरचे मिशनरी त्यांच्यावर तुटून पडले.