पोराला टोळीतून बाहेर काढताय? या चुका टाळा

पुण्यात पोराने कोयत्याने केक कापला, रील टाकली आणि पोलिसांनी उचललं, की घरचे सुटकेनंतर त्याला मामाच्या गावी धाडतात. गाव बदलतं, मोबाइल तोच राहतो. पंधरा दिवसांत भाईचा फोन येतो आणि स्वारी पुन्हा स्वारगेटला.

सगळ्यात महागात पडते ती पैशाची चूक. पोरगा आत गेला की वकील, जामीनदार, घरचा किराणा, सगळं भाई बघतो. आई हात जोडते. बाहेर आल्यावर भाई पैसे मागत नाही, 'एक छोटं काम' सांगतो. खरं तर अठराच्या आतल्या मुलाला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 12 नुसार जामीनदाराशिवायही जामीन मिळू शकतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. मात्र सुटल्यावर तो पुन्हा त्याच संगतीत जाईल असं बाल न्याय मंडळाला वाटलं, तर जामीन अडतो. म्हणून तो राहणार कुठे, दिवसभर करणार काय, हे मंडळाला मुलाचा अहवाल देणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला आधीच सांगा. आत्याकडे राहणार असेल तर तारखेला आत्यालाच घेऊन जा.

मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या मोठ्यांना याच कायद्याच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण भाईचं नाव पोराकडून चारचौघांत वदवून घेऊ नका. आधी वकिलाशी बोला.

आम्हा संस्थावाल्यांची आवडती चूक म्हणजे अख्खा ग्रुप एकत्र 'सुधारायला' घेणं. लॉस एंजेलिसमध्ये फादर ग्रेग बॉयल सुरुवातीला टोळ्यांमध्ये तह घडवायचे. त्यामुळे टोळ्यांनाच प्राणवायू मिळाला, हे पुढे त्यांनीच कबूल केलं. 1992 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या बेकरीत मात्र एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं शेजारी उभी राहून पीठ मळू लागली. टोळी म्हणून नव्हे, एकेकटी येऊन.

शाल-श्रीफळ, फोटो, 'वाट सोडलेला तरुण' वगैरे तर नकोच. अल्पवयीन असेल तर ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि तो फोटो भाईही बघतो.

काम लावताना पगाराआधी वेळ बघा. संध्याकाळी सात ते अकरा चौकात काढायची सवय असते, तेव्हा दुपारी चारला सुटणारी नोकरी काय कामाची? आमचा एक जण दोन महिने गॅरेजवर नीट आला, मग आठवडाभर गायब. मालक म्हणाला, "बघा, शेवटी गेलाच." आम्ही जागा भरू दिली नाही. नवव्या दिवशी तो आला, गुपचूप पाना उचलला आणि स्कूटरखाली शिरला.