पावसाआधी उतरवून घ्या

निफाड-चांदवडकडून मुंबईत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींच्या मनात पीक जाण्याची धास्ती म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला, दवबिंदू गोठायला लागले की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. मुंबईत ते विसरा. इथे पंधरा-सोळा अंशांना लोक स्वेटर शोधतात. इथल्या उन्हाळी भाजीचा आणि फळांचा कर्दनकाळ म्हणजे पाऊस, आणि तो थंडीसारखा हळूहळू येत नाही.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच हजर झाला आणि गच्च्यांवरचे पापड-कुरडया भिजले. म्हणून मी नव्या माणसाला सांगतो, तारखेच्या भरवशावर राहू नका. मे अर्धा सरला की सुरुवात करा आणि मॉन्सून केरळात पोचल्याची बातमी आली की आवरतं घ्या. ती सहसा १ जूनच्या आसपास येते.

आधी ग्रीलमधल्या कुंड्या बघा. टोमॅटोची सगळ्यात जास्त घाई. कोरड्या मातीत वाढलेल्या फळात एकदम पाणी शिरलं की साल ताण सोसत नाही, देठापासून उभी तडकते आणि दोन दिवसांत तिथे बुरशी धरते. ते झाडावर लाल होण्याची वाट बघू नका. तळाशी फिकट पिवळसर-गुलाबी झाक दिसली की देठासकट तोडा आणि एका पिकलेल्या केळ्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या वायूने ते पिकतात. फ्रिजमध्ये मात्र नको, तिथे पिकणं थांबतं आणि चव जाते. जे अगदी हिरवे, कडक राहिलेत त्यांची शेंगदाणे, तीळ आणि लसूण घालून चटणी करा. माझ्या मते टोमॅटो लावावा तो या चटणीसाठीच.

भेंडीच्या दोन-तीन शेंगा बियाण्यासाठी झाडावर वाळवत ठेवल्या असतील तर त्या तपकिरी होऊन खुळखुळायला लागल्या की लगेच काढा, ओल्या झाल्या तर दाणे आतच कुजतात. लाल झालेल्या मिरच्यांचंही तसंच. पण मिरचीचं आणि वांग्याचं झाड उपटून टाकू नका. फळं उतरवून झाड गुडघ्याएवढं छाटा, पावसात नवी फूट येते. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि अळ्या शोधायला महापालिकेची माणसं येतातच.

वाळवणाचं गणित इथे वेगळं आहे. आपल्याकडे मेमध्ये पत्र्यावर टाकलेलं संध्याकाळी कडकडीत होतं. इथे समुद्राची दमट हवा, शिवाय कबुतरं. सोसायटीत गच्चीची चावी कोणाकडे असते आणि तिथे वाळवण चालतं का, हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा. कापड पातळ मलमलचं घ्या, ऊन उतरायच्या आत सगळं खाली आणा. आभाळ भरून आल्यावर सांडग्यांचा घाट घालू नका.

बाजारातलं थोडक्यात. हापूस मेअखेरपर्यंतच घ्या, पावसाचं पाणी लागलेल्या आंब्यात फळमाशीची अळी निघते. नंतर उत्तरेकडचा लंगडा, दशेरी येतो, तो वाईट नाही, पण कोकणी शेजाऱ्यासमोर हे बोलू नका. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आत्ताच घ्या आणि वारा लागेल अशी टांगा, टोपलीत ठेवली तर जूनमध्ये कोंब येतात. दादरला रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, दिसले तर घ्या. आमसुलं करायची तर साली त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवाव्या लागतात, त्याला कडक ऊन हवं. ऊन नसेल तर मीठ लावून आगळ, म्हणजे खारवलेला रस, करा, तेवढीच सोलकढीची सोय. स्टेशनबाहेर करवंदं-जांभळं विकणाऱ्या बायका पाऊस लागला की दिसेनाशा होतात, तेव्हा उद्या घेऊ म्हणू नका.

लोणच्यावरून वाद होणार. आपल्याकडे पहिला पाऊस पडून गेल्यावर लोणच्याची कैरी घ्यायची रीत, तर कोकणी घरांत पावसाआधीच बरण्या बांधून झालेल्या असतात. मुंबईच्या हवेत मी कोकणी माणसाचं ऐकतो. कैरी धुऊन, पुसून, फोडी पंख्याखाली पूर्ण कोरड्या करून घ्या. ओलं बोट लागलं तरी बुरशी येते.

कुंड्या रिकाम्या झाल्या की तशाच ठेवू नका. पहिल्या सरींबरोबर दोडका, काकडी टोचा, एका डब्यात अळूचा कंद लावा. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, आणि आदल्या दिवशी दादरला भाव विचारवत नाहीत. कुंडीतल्या भाजीला बैल लागलेलाच नसतो.