तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही : निदान करताना या चुका टाळा

इंजिन तापून बंद पडलेली गाडी तासाभराने थंड झाली की बहुतेक वेळा काहीच न घडल्यासारखी सुरू होते. गॅरेजमध्ये ती त्याच थंड अवस्थेत तपासली जाते आणि निदानातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. तापमान उतरले की दोषाचा पुरावाही नाहीसा होतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, खर्च वाढतो आणि तक्रार जागेवरच राहते. इंजिन बंद केल्यावर कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) फिरणे थांबते, पण इंजिनाच्या हेडमध्ये (वरच्या भागात) आणि ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य भागात) साठलेली उष्णता बाहेर येतच राहते, त्यामुळे बोनेटखालचे तापमान पुढची दहा-पंधरा मिनिटे उलट वाढत जाते. याच वेळात किल्ली फिरवून काय होते आणि काय होत नाही, याची नोंद घ्यावी. निदानाला खरा आधार या नोंदीचाच असतो.

‘गरम होते’ आणि ‘सुरू होत नाही’ या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत, असे गृहीत धरणे ही दुसरी चूक. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी असतानाही गाडी थोडा वेळ थांबवल्यावर सुरू होत नसेल, तर कूलिंगची यंत्रणा बहुधा निर्दोष असते आणि शोध विजेच्या किंवा इंधनाच्या बाजूने घ्यावा लागतो. काटा वर गेल्यानंतरच ही अडचण येत असेल, तर मात्र उष्णतेने इंजिनाला आतून इजा झाली आहे का, हे आधी पाहावे. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. कूलंट इतके कमी झाले की सेन्सरभोवती द्रवाऐवजी नुसती वाफ उरते, तेव्हा काटा खाली येऊ शकतो आणि चालक निर्धास्तपणे गाडी पुढे दामटतो.

सेल्फ काय सांगतो

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते की नाही आणि फिरले तर कसे फिरते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण पुढची दिशा त्याच्या उत्तरावर ठरते.

सेल्फ नुसताच ‘टक्’ करत असेल किंवा जडपणे फिरत असेल, तर लगेच बॅटरी बदलू नये. तांब्याचा विद्युतरोध उष्णतेने वाढतो. एक्झॉस्टजवळ बसवलेल्या सेल्फला आणि गंजलेल्या अर्थिंगच्या वायरीला थंडीत जेमतेम निभावणारे काम तापल्यावर झेपत नाही. सेल्फ मारत असताना बॅटरीचे धन टोक आणि सेल्फचा टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. फरक ०.५ व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर दोष वायरीत किंवा जोडात आहे. मात्र काटा लाल पट्ट्यात जाऊन गाडी बंद पडली असेल आणि सेल्फ अडकल्यासारखा वाटत असेल, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे धोक्याचे आहे. पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये आवळले गेले असतील किंवा हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलमधून) कूलंट सिलिंडरमध्ये उतरले असेल. द्रव दाबला जात नसल्यामुळे अशा वेळी पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजिन थंड होऊ द्यावे, स्पार्क प्लग काढावेत आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून ते हाताने फिरवून पाहावे.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी पहिला संशय क्रँक सेन्सरवर (क्रँकशाफ्टचे फिरणे गाडीच्या संगणकाला कळवणाऱ्या भागावर) घ्यावा. त्याच्या आतल्या तारेचा जोड किंवा सर्किट उष्णतेने तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. हा सिग्नल नसेल तर बहुतेक गाड्यांमध्ये ठिणगीही पडत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाहीत. सेल्फ मारताना स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) इंजिनाचा वेग शून्यच दिसत असेल, तर संशय बळावतो. सेन्सर हाताशी असेल तर ओल्या फडक्याने तेवढाच थंड करावा, आणि त्यावर गाडी सुरू झाली तर निदान जवळपास पक्के झाले असे समजावे. स्कॅनरमध्ये दोषाचा कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला आहे, असा निष्कर्ष काढू नये, कारण असे अधूनमधून होणारे दोष कित्येकदा कोड मागे ठेवत नाहीत.

पेट्रोलचा वास येत असेल आणि प्लग ओले निघत असतील, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर पाहावा. तो ‘इंजिन थंड आहे’ असे चुकीचे सांगत असेल, तर संगणक तापलेल्या इंजिनालाही जास्तीचे इंधन देत राहतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेले इंधन निघून जाते. या युक्तीने गाडी सुरू होणे हीदेखील निदानाला उपयोगी पडणारी खूण आहे.

इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसुरी ‘घुर्रर्र’ करत फिरत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) गेले आहे. ज्या इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालतो, तिथे पंपाचे बेअरिंग जाम होऊन बेल्टही तुटू शकतो. तेव्हा दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते, पण अशी गाडी थंड झाल्यावरही सुरू होत नाही.

कूलिंगकडे वळताना

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते. पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०६ अंश सेल्सिअसला उकळते, तर झाकणाने सुमारे एक बार दाब धरला की साधारण १२८ अंशांपर्यंत द्रव राहते. झाकण सैल होताच दाब जातो आणि तेच द्रव क्षणात वाफ होऊन अंगावर येते. झाकणाची रबरी सील कमजोर झाली असेल, तर बाकी सारे धड असूनही कूलंट लवकर उकळते. हा स्वस्त भाग सोडून थेट रेडिएटर बदलला जातो, याचे नवल वाटते.

गाडी केव्हा तापते, हेही नीट पाहावे. रहदारीत तापून वेगात थंड होत असेल तर फॅन, त्याचा रिले आणि फ्यूज तपासावेत. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा ओढीने चपटा होणारा खालचा होज पाइप यांकडे लक्ष द्यावे. थर्मोस्टॅट काढूनच टाकणे हा उपाय नव्हे. त्याने इंजिन नेहमीच्या तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते, इंधन जास्त लागते आणि मूळ दोष झाकला जातो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेड वाकते किंवा त्याला तडा जातो.

काटा एकदा लाल पट्ट्यात गेला असेल, तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी हेड गॅस्केट तपासून घ्यावे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालवले आणि द्रव पिवळा पडला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. दुसरी पद्धत म्हणजे थंड इंजिनाच्या कूलिंग यंत्रणेत पंपाने दाब भरून ती रात्रभर तशीच ठेवणे आणि सकाळी प्लग काढून सिलिंडरमध्ये ओल दिसते का ते पाहणे.

दुरुस्तीनंतर यंत्रणेतली हवा पूर्ण काढून इंजिन फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालवावे, मग ते बंद करून लगेच सुरू करावे आणि पुन्हा बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एकदा सुरू करून पाहावे.