अस्वलांच्या मुलुखात शॉटगन घेऊन जाताय? खरेदीआधी या चुका टाळा

उन्हाळा जवळ आला की इकडे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींचे अलास्काचे प्लॅन सुरू होतात. क्रूझवाल्यांना बंदुकीशी काही देणंघेणं नाही, पण जे केनाईच्या बाजूला नदीवर सॅमन धरायला जातात किंवा छोट्या विमानातून कुठेतरी उतरून चार दिवस तंबूत राहणार असतात त्यांचा प्रश्न ठरलेला, अस्वलासाठी कुठली शॉटगन घेऊ? आणि मग चर्चा होते ती सगळी ताकदीची, काडतूस किती मोठं, गोळ्या किती बसतात, एका फटक्यात आडवं होईल का. माझं म्हणणं असं की चूक इथूनच सुरू होते.

ब्राउन बेअर, म्हणजे तपकिरी अस्वल, ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास पळू शकतं, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. झाडीतून ते ३० मीटरवर दिसलं आणि सरळ अंगावर आलं तर तुमच्या हातात दोन सेकंद आहेत. खांद्यावरून बंदूक उतरवायची, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढायची, नेम धरायचा, चाप ओढायचा, सगळं त्यातच. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या अशा २६९ घटना तपासून २०१२ साली अभ्यास छापला, त्यात बंदूक कुठे कमी पडली याची कारणं दिलीयेत. सगळ्यात वर काय, तर वेळच मिळाला नाही. मग बंदूक वापरलीच गेली नाही, मग जॅम झाली, अस्वल फार जवळ आलेलं होतं, नेम चुकला, गोळ्या संपल्या, सेफ्टी वेळेत निघाली नाही. या कारणांत बंदुकीची ताकद कमी पडली हे कुठेच नाही. म्हणून बंदूक निवडताना प्रत्येक गोष्ट त्या दोन सेकंदांवर घासून बघा, ताकदीचा विचार त्यानंतर.

दुकानात जायच्या आधी व्हिसा बघा

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितोय कारण आपल्या लोकांत हेच सगळ्यात कमी माहीत असतं. तुम्ही एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा टुरिस्ट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यात बंदूकच काय, नुसती काडतुसं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. विकत घेतली नाही, मित्राची आहे, फक्त नेमबाजीच्या रेंजवर दोन मिनिटं हातात घेतली, हे सगळं "बाळगणं" यातच येतं. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असणं. पण ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं काढलेल्या माणसाने कोणीतरी सांगितलं म्हणून एवढ्या भरवशावर जाऊ नये, आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. तोवर बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा, आहेच, आणि तो कमी दर्जाचा पर्याय अजिबात नाही, त्यावर खाली लिहितो.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर अलास्कात २१ वर्षांवरच्या माणसाला बंदूक जवळ ठेवायला वेगळा परवाना लागत नाही. नॅशनल पार्कमध्येही २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे नेता येते, फक्त व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत नाही. सिॲटलहून गाडीने जाणार असाल तर मधे कॅनडा लागतो, तिथे बॉर्डरवर फॉर्म भरून फी देऊन शॉटगन डिक्लेअर करावी लागते, आणि अस्वलासाठी म्हणून पिस्तूल न्यायचा विचारही करू नका.

मापात न बसणारी बंदूक

अलास्काचं फिश अँड गेम खातं अस्वलाच्या भागासाठी जी हत्यारं योग्य मानतं त्यात स्लगवाली (छर्र्यांऐवजी एकच गोळी झाडणारी) १२ गेज शॉटगन आहे, अट एकच, ती नीट चालवता आली पाहिजे. १२ गेज म्हणजे आपली बारा बोर. मोठ्या रायफली जास्त खोल जातात हे खरंय, १९८३ च्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या चाचण्यांतही वरचे नंबर त्यांचेच होते, पण ज्याने आयुष्यात रायफल धरली नाही त्याला जवळच्या अंतरासाठी साधी पंप शॉटगन (नळीखालची स्लाइड हाताने मागे-पुढे केली की नवीन काडतूस भरणारी) शिकणं सोपं जातं आणि पैसेही कमी लागतात.

साधी म्हणजे रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० नाहीतर ५९०. ८७० हे १९५० पासूनचं मॉडेल, मॉसबर्ग ५०० साठच्या दशकातलं, दोन्हीचे पार्ट आणि दुरुस्ती करणारी माणसं अलास्कात सहज मिळतात. फरक बारीक आहे पण कामाचा आहे. मॉसबर्गची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, डावखुऱ्यालाही तशीच सोपी आणि हातमोज्यातूनही कळते. ८७० ची चापाच्या मागे आडवं बटण असते, उजव्या हाताच्या बोटाने ढकलायची. मला मॉसबर्ग बरी वाटते ती एवढ्यासाठीच. पण मॉसबर्गला पिस्तूल-ग्रिपचा दस्ता लावला तर अंगठा ग्रिपवर अडकतो आणि सेफ्टीपर्यंत जायला हात उचलावा लागतो, म्हणजे जे चांगलं होतं तेच घालवलं.

दस्ताच नाही, नुसती पिस्तूल-ग्रिप, अशा आखूड बंदुका पण मिळतात आणि दिसायला आटोपशीर म्हणून नवे लोक त्याच उचलतात. घेऊ नका. खांद्याला टेकत नाही म्हणजे नेम लागत नाही, आणि स्लगचा धक्का सगळा मनगटावर येतो. उलट टोक म्हणजे बदकं मारायची २८ इंची नळीची बंदूक कुणीतरी स्वस्तात दिली म्हणून घेतलेली, ती अल्डरच्या झाडीत प्रत्येक फांदीला अडकते. नळी १८ ते २० इंच ठेवा. १८ च्या खाली गेलात तर फेडरल कायद्याची वेगळीच भानगड, त्यामुळे कोणी नळी कापून देतो म्हणाला तर तिथून निघा.

आता दस्त्याची लांबी, जी कोणीच बघत नाही. कारखान्यातून येणारा दस्ता साधारण १४ इंचाच्या आसपास असतो, उंच माणसाच्या हिशेबाने. आपल्याकडची पाच फूट चार-पाच इंचाची बाई किंवा पुरुष, अंगात स्वेटर, त्यावर रेनकोट, त्यावर सॅकचा पट्टा, अशा अवस्थेत तो दस्ता उचलताना काखेत अडकतो. दुकानात टी-शर्टवर बंदूक मस्त वाटते आणि नदीवर पावसात खांद्यालाच लागत नाही. म्हणून दुकानात जाताना जॅकेट आणि सॅक घेऊन जा, लाज वाटू देऊ नका, आणि डोळे मिटून बंदूक खांद्याला लावून मग डोळे उघडा, नेमाची खूण समोर दिसली तर मापात आहे. नसेल तर १३ इंची किंवा कमी-जास्त करता येणारा दस्ता बसवता येतो.

सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर आपोआप भरणाऱ्या, चांगल्या असतात पण त्यांचे नखरे समजून घ्यायला गोळ्या झाडाव्या लागतात. वर्षातून एकदा बाहेर काढणार असाल तर पंपच घ्या. पंपची स्वतःची एक चूक आहे, घाबरलेला माणूस स्लाइड पूर्ण मागे न आणताच पुढे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडत नाही नाहीतर नवीन वर येत नाही, आणि बंदूक "जॅम" झाली म्हणतो. जोरात मागे, जोरात पुढे, हे हाताला सवयीने यायला हवं, डमी काडतुसं घेऊन घरी करता येतं.

काडतुसांत होणारे घोटाळे

इथे मात्र निवांत वाचा, कारण बंदूक बरोबर घेऊन काडतूस चुकलेले लोक खूप आहेत.

पहिलं म्हणजे छर्रे नकोत. गावाकडे शेतराखणीच्या बारा बोरमध्ये डुकरासाठी एलजीचे मोठे छर्रे वापरतात हे ऐकून माहीत असतं, आणि इकडे डबल-ओ बकशॉट जवळपास तसाच दिसतो म्हणून तोच घेतला जातो. त्यात साधारण नऊ छर्रे, प्रत्येक साडेआठ मिलिमीटरच्या आतला, वजन साडेतीन ग्रॅम. अलास्कातल्या कोडियाक बेटावरचा मोठा नर ६०० किलोच्या वर जाऊ शकतो, जाड कातडी, चरबी, खांद्याचे स्नायू आणि मग हाड, एवढ्यातून तो हलका छर्रा आत पोचेल याचा भरवसा नाही. स्लग म्हणजे एकच अख्खी गोळी, २८ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त. पहिला बकशॉट मग स्लग असं आलटून-पालटून भरायचा सल्ला पण फिरत असतो, तो सोडून द्या, पहिलीच गोळी कदाचित एकमेव असते.

स्लगमध्येही भेद आहे. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतो तो फॉस्टर प्रकारचा, मऊ शिशाचा, आतून पोकळ, हरणासाठी उत्तम कारण लागल्यावर पसरतो. अस्वलासाठी पसरणं नको, खोल जाणं हवं, त्यासाठी ब्रेनेके प्रकारचा कडक, भरीव स्लग घ्यायचा. सेबो स्लग नावाचा तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या वेष्टनातला असतो, तो आतून आटे असलेल्या नळीसाठी आहे, तुमच्या गुळगुळीत नळीतून तो कुठेही जाईल. पाकिटावर महाग किंमत बघून चांगला समजून हाच घेणारे लोक असतात. आणि नळीचा चोक (तोंडाशी नळी किती अरुंद आहे ते) सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर असावा, फुल चोकमधून स्लग नको.

मग लांबी. पावणेतीन इंच, तीन इंच आणि साडेतीन इंच. नळीवर जी कोरलेली असते त्यापेक्षा लांब काडतूस कधीही भरायचं नाही. यात फसगत अशी की काडतुसाची लांबी ही झाडल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते, त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) गपचूप बसतं आणि झाडलं की प्रेशर भलतंच चढतं. तसंच २० गेजचं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून दुसरं झाडलं की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती याच कारणासाठी. घरात दोन्ही असतील तर डबे वेगळे, खिसे वेगळे.

आणि मॅग्नमचा, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचा, मोह. तीन किलोच्या बंदुकीतून तीन इंची मॅग्नम स्लग झाडला की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. सराव होत नाही आणि दुसरी गोळी वेळेत सुटत नाही. बऱ्याच जणांना पावणेतीन इंची ब्रेनेके पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. जो स्लग नेणार आहात तोच रेंजवर झाडून बघा, २५ यार्डावर कुठे लागतो ते, कारण नळीच्या टोकावरच्या नुसत्या मण्याच्या नेमावर स्लग बराच वर किंवा बाजूला जाऊ शकतो. घोस्ट रिंग (मागे मोठी कडी असलेली नेमाची साइट) किंवा रायफलसारखी साइट बसवली तर पैसे वाया जात नाहीत.

सॅकवर बांधलेली बंदूक

ती बंदूक नाहीच असं समजा. खांद्यावर पट्ट्याने, हात सहज पोचेल अशी, आणि रात्री तंबूत हाताशी, बाहेर झाडाला टेकवलेली नाही. ग्रुपमध्ये असाल तर ज्याला चालवता येते त्याच्याकडेच असावी आणि तो माणूस मासे साफ करताना दुसरा पहारा ठेवेल हे आधीच ठरवा.

चेंबरमध्ये गोळी ठेवून चालायचं का? नवीन माणसाने नाही. सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही, ओल्या दगडावरून घसरून बंदूक आपटली तर सेफ्टीवर विसंबून राहता येत नाही. नळीखालची काडतुसांची ट्यूब भरलेली, चेंबर रिकामी, आणि गरज लागली की एक झटका मागे-पुढे. याला अर्धा-पाऊण सेकंद जातो पण पुढे चालणारा तुमचा भाऊ किंवा बायको असते हे लक्षात ठेवा.

आग्नेय अलास्कात पाऊस आपल्या कोकणासारखा, वर खारी हवा. साधी काळी बंदूक दोन दिवसांत लाल व्हायला लागते. निकेल चढवलेली ८७० मरीन मॅग्नम किंवा मॉसबर्ग मरीनर मिळाली तर उत्तम, नाहीतर रोज संध्याकाळी तेलाचा फडका. तेल पातळ आणि थोडं, घट्ट ग्रीस थंडीत आळतं. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकलची टेप लावा, आत चिखल-बर्फ जात नाही आणि झाडताना आतल्या हवेनेच ती उडते. चिखल अडकलेल्या नळीतून झाडणं म्हणजे स्वतःच्या तोंडासमोर स्फोट.

बंदूक आहे म्हणून स्प्रे घेतला नाही

ही चूक शिकलेले, अनुभवी लोकही करतात. स्मिथ-हेरेरोंच्याच २००८ च्या अभ्यासात अलास्कात स्प्रेने ब्राउन बेअरचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा थांबवलं होतं. ज्याने बंदूक कधी चालवली नाही तोही वापरू शकतो, बहुतेक वेळा अस्वलही जिवंत राहतं, आणि व्हिसाचा प्रश्न येत नाही. पल्ला सात ते नऊ मीटरचा, वारा तोंडावर असेल तर त्रास आपल्यालाच, एवढ्या मर्यादा माहीत ठेवा. प्रवासी विमानात तो चेक-इनमध्येही चालत नाही, अँकरेजला उतरून घ्या, आणि छोट्या विमानाच्या पायलटला आधी सांगा, तो डबा केबिनच्या बाहेर ठेवतात. शॉटगन मात्र चेक-इनमध्ये जाते, रिकामी, कुलूपबंद कडक केसमध्ये, काउंटरवर डिक्लेअर करून.

शेवटचं, अस्वल मारावंच लागलं तर तिथून निघून जायचं नसतं. अलास्कात जीव वाचवायला मारलेल्या अस्वलाची कातडी नखांसकट आणि कवटी काढून सरकारला जमा करावी लागते, लगेच कळवायचं आणि १५ दिवसांत लेखी रिपोर्ट द्यायचा. तुम्ही खाणं उघडं टाकलंत आणि त्याच्या वासाने ते आलं, किंवा फोटोसाठी तुम्हीच जवळ गेलात, तर कायदा त्याला स्वसंरक्षण मानत नाही. म्हणून खाणं ठेवायला अस्वलाला न उघडणारा डबा, स्प्रे घ्याल त्याच दुकानातून भाड्याने किंवा विकत घ्या, आणि ६०० किलोच्या जनावराची कातडी काढायची धारदार सुरी सॅकमध्ये आहे का तेही बघून ठेवा.