टर्कीच्या शिकारीआधी बंदूक कागदावर तपासा : शॉटगनचा पॅटर्न कसा पाहायचा, कसा सुधारायचा

अमेरिकेत वसंत ऋतूत टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. नराला मादीच्या आवाजात साद घालून जवळ बोलवायचं आणि डोक्या-मानेवर नेम धरायचा, अशी ही शिकार. अंगावर मारून चालत नाही. पिसं आणि छातीचे स्नायू इतके जाड असतात की पक्षी जखमी होऊन झाडीत निघून जातो, आणि हाती लागलाच तर मांसात छर्रे निघतात. खरं लक्ष्य म्हणजे मेंदू आणि मानेचे मणके, जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. तेवढ्या जागेत तुमच्या बंदुकीतून किती छर्रे पोहोचतात हे काडतुसाच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुका तेच काडतूस वेगवेगळं फेकतात. म्हणून ही तपासणी: शॉटगन एका बारात पुष्कळ छर्रे फेकते, ते कागदावर कसे पसरतात म्हणजेच तिचा पॅटर्न कसा आहे, ते बघायचं.

आधी कायद्याचं, कारण आपल्यातले पुष्कळ जण एच-वन-बी व्हिसावर आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर (एच-वन-बी त्यातलाच) असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. राज्याचं वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद. तेव्हा लायसन्स आधी, नेमबाजीच्या रेंजवर जाणं नंतर. शंका असेल तर वकिलाला विचारा. छऱ्यांच्या आकाराचे आणि बंदुकीच्या गेजचे (नळीच्या आतल्या रुंदीच्या मापाचे) नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाचं काडतूस चालत नाही.

सामान फारसं लागत नाही. तीन फूट रुंदीच्या कागदाचा रोल, मागे लावायला मोठ्या खोक्याचा पुठ्ठा, जाड मार्कर, अंतर मोजायला रेंजफाइंडर, वाळूच्या पिशव्या, चोक (नळीच्या टोकाला आत बसणारी, तोंड आवळणारी नळकांडी) घट्ट करायची किल्ली, कानांना मफ आणि डोळ्यांना चष्मा. रेंजवर फोन करून कागदावर शॉटगन चालवू देतात का, ते विचारून घ्या. बऱ्याच रायफल रेंजवर चालत नाही. मोकळ्या शेतात करणार असाल तर मागे मातीचा उंच बांध हवा, छर्रे दोनशे यार्डांपलीकडेही जातात.

सुरुवात स्वस्त काडतुसाने

बंदूक रिकामी आहे याची खात्री करा आणि चोक घट्ट बसलाय का बघा. ढिल्या चोकने नळी फुटू शकते. नळीवर कोरलेली चेंबरची (काडतूस बसतं त्या खाचेची) लांबी वाचा: तीन इंची चेंबरमध्ये साडेतीन इंची काडतूस घालायचं नाही.

कागदाच्या मधोमध ठळक ठिपका काढा, वीस यार्डांवर लावा आणि पिशव्यांवर बंदूक टेकवून ट्रॅपचं (उडत्या चकत्या फोडायच्या नेमबाजीचं) हलकं काडतूस झाडा. टर्कीच्या काडतुसाचा धक्का खांद्याला जबर लागतो. त्यानेच सुरुवात केली की चौथ्या बारापासून माणूस चाप ओढण्याआधीच अंग चोरतो. प्रत्येक बाराला नवा कागद, असे तीन कागद करा आणि छऱ्यांच्या दाट गर्दीचा मध्य ठिपक्यावर येतो का पाहा.

माझ्या मते सगळ्या तपासणीत हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच टाळून थेट चाळीस यार्डांवर छर्रे मोजायला बसतात. गर्दी सहा इंच डावीकडे पडत असेल तर ती कितीही दाट असून काय उपयोग? रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी, सरकवता येणारी साइट) असेल तर दुरुस्ती सोपी आहे. एक एमओएचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) एक क्लिक वीस यार्डांवर साधारण ०.२ इंच सरकवतो, म्हणजे पाच इंचांसाठी पंचवीसच्या आसपास क्लिक. नळीच्या टोकावर नुसता मणी असेल तर आधी गाल दस्त्याला नीट टेकलाय का तपासा. गाल दस्त्यावरून उचलला की बार वर जातो. गाल नीट असूनही मध्य चुकत असेल, तर रेड डॉट किंवा सरकवता येणारी साइट बसवून घ्या.

आता खरं काडतूस, चाळीस यार्ड

शिकारीला नेणार तेच काडतूस, तोच चोक. पुन्हा तीन बार, तीन कागद. जड काडतूस हलक्यापेक्षा वेगळ्या जागी लागू शकतं, म्हणून मध्य परत बघा. मग जिथे छिद्रं सगळ्यात दाट आहेत तिथे दहा इंच व्यासाचं वर्तुळ काढा (घरातलं मोठं डिनर प्लेट मापाला चालतं) आणि आतली छिद्रं मोजा. मोजलेल्या प्रत्येक छिद्रावर पेनने टिंब करा, नाहीतर पन्नाशीनंतर गोंधळ होतो.

या वर्तुळात शंभर छर्रे हा इथल्या शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा. पण आकडा गाठला म्हणून कागद गुंडाळून ठेवू नका. टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र कापून वर्तुळात इकडे-तिकडे ठेवून बघा. एखाद्या जागी मान पूर्ण सुटत असेल तर पॅटर्नला भोक आहे. एकशे दहा छर्रे आणि मधे भोक, यापेक्षा मला नव्वद पण सारखे पसरलेले परवडतात.

कमी पडलं तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी काडतूस, मग चोक. शिशाचे चार नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे १३५ बसतात, पाच नंबरचे १७०, सहा नंबरचे २२५. म्हणजे चाराऐवजी पाच किंवा सहा नंबर घेतला तर वर्तुळात छर्रे वाढण्याची शक्यता बरीच. मात्र छर्रा लहान तेवढा लांबवर त्याचा जोर कमी. टीएसएस म्हणजे टंगस्टनच्या काडतुसात ही अडचण नाही. त्याची घनता १८ च्या आसपास, शिशाची ११. त्यामुळे नऊ नंबरचा बारीक छर्राही आत शिरतो, आणि एका औंसात साडेतीनशेहून जास्त बसतात. किंमत मात्र अशी की प्रत्येक बाराला खिसा दुखतो.

चोकबद्दल एक गैरसमज पक्का आहे: जितका आवळ तितका पॅटर्न दाट. बारा गेजची नळी साधारण ०.७३० इंच आणि टर्कीचे चोक बहुधा ०.६५० ते ०.६७० च्या घरात. त्याहून आवळलं की मऊ शिसं दबून चपटं होतं, चपटे छर्रे भरकटतात आणि पॅटर्न उलट फाटतो. तेव्हा किंचित मोकळा चोकही लावून बघा. चोकचे आटे तुमच्या नळीत बसणारे हवेत, आणि टंगस्टन किंवा स्टील वापरणार असाल तर चोक त्यासाठी चालतो असं त्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं हवं. जास्त वेगाचं काडतूस चांगलंच, हेही धरून चालू नका. पुष्कळ बंदुका मंद काडतूस जास्त दाट फेकतात.

जवळचं अंतर विसरू नका

दहा, वीस आणि तीस यार्डांवरही एकेक कागद करा. दहा यार्डांवर आवळ चोकचा पॅटर्न मुठीएवढाच असतो, आणि पक्षी मान सतत हलवत असतो. जवळ आलेली टर्की चुकते ती इथेच. हे बार टेबलावरून नकोत. झाडाला पाठ टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून, जसं रानात बसणार तसं बसून झाडा. बसण्याची ढब बदलली की गाल बदलतो आणि मध्यही.

शेवटी ज्या अंतरापर्यंत तिन्ही कागद पास झाले, ती तुमची हद्द. कुणाची पस्तीस येईल, कुणाची पंचेचाळीस. टीएसएसच्या जोरावर साठ यार्डांच्या गप्पा मारणारे भेटतील; रानात साठ आणि सत्तरमधला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून माझी हद्द चाळीसच. काडतूस, चोक आणि हद्द टेपच्या तुकड्यावर लिहून दस्त्याला चिकटवा. काडतूस किंवा चोक बदलला की कागद पुन्हा लावायचा. आणि रेंजवरून निघताना हात साबणाने धुवा, शिसं बोटांना लागलेलं असतं.