देवघरासाठी हातघडणीची पितळी मूर्ती कशी पारखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत देवघर बहुधा तीन वाटांनी भरत जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कुलदैवतांचे टाक असतात, सुनांनी माहेरून आणलेले अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण असतात, आणि घरातल्या कोणीतरी श्रद्धेने आणि हौसेने घेतलेली एखादी मोठी पितळी मूर्ती असते. पहिल्या दोहोंची निवड परंपरेनेच झालेली असते. तिसरी मात्र आपण स्वतः बाजारात जाऊन, चार दुकाने पाहून, भाव करून घेतो आणि खरी पारख तिथेच लागते. बहुतेक गिऱ्हाईक आधी चकाकी पाहते, मग वजन, मग किंमत. मूर्ती घेताना आधी हात पाहावेत, कारण समोरचा देव कोण आहे हे हातांवरून ठरते. धातू त्यानंतर आणि चकाकी सर्वांत शेवटी.

आधी देव ओळखावा

आपल्या भागातली अगदी नेहमीची खरेदी म्हणजे महालक्ष्मी. येथील कितीतरी घरांची कुलस्वामिनी कोल्हापूरची अंबाबाई आहे. परंतु दुकानात ‘महालक्ष्मी द्या’ म्हटले की बहुधा कमळावर बसलेली, वरच्या दोन हातांत कमळे घेतलेली, हातातून नाणी सांडणारी आणि कधी दोन्ही बाजूंना हत्ती असलेली मूर्ती पुढे येते. ते लक्ष्मीचे रूप आहे आणि पूज्यही आहे, पण अंबाबाईचे ध्यान ते नव्हे. कोल्हापूरची देवी उभी आहे. तिच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल म्हणजे खेटक आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र म्हणजे पिण्याचे भांडे आहे. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी ही चिन्हे आहेत, आणि मागे सिंह आहे. देवीच्या सप्तशती या ग्रंथाला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या भागात महालक्ष्मीचे हेच वर्णन येते. त्याचा अर्थ सांगताना म्हाळुंग हे कर्मराशीचे, गदा क्रियाशक्तीचे, खेटक ज्ञानशक्तीचे आणि पानपात्र तुरीय वृत्तीचे, म्हणजे जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडच्या चौथ्या अवस्थेचे, चिन्ह मानतात. मस्तकावरचा नाग म्हणजे काल, लिंग म्हणजे पुरुष आणि योनी म्हणजे प्रकृती. धनाच्या पलीकडचे एवढे तत्त्व ज्या मूर्तीत सामावले आहे, ती घेताना दुकानदार जे पुढे ठेवील तेच घेणे योग्य नव्हे.

अशा मूर्तीत म्हाळुंग जवळून पाहावे. हे लिंबाच्या कुळातले, खडबडीत सालीचे, देठाकडून टोकाकडे निमुळते होत जाणारे फळ आहे. चांगला कारागीर ओतकाम झाल्यावर बारीक छिन्नीने त्याच्या सालीवरचे उंचवटे उठवतो. घाईच्या कामात मात्र तळहातावर नुसता गुळगुळीत गोळा राहतो, आणि तो लाडू आहे की मोदक हे सांगता येत नाही. ज्याने म्हाळुंगावर एवढे कष्ट घेतले, त्याने मुखावरही घेतले असणार, असे समजायला हरकत नाही.

विठ्ठलाची ओळख सोपी आहे: विटेवर समचरण, कर कटीवर, उजव्या हातात कमळाचा देठ, डाव्या हातात शंख, कानांत मकरकुंडले. दत्ताच्या मूर्तीत मात्र सहा हात असल्यामुळे चुका फार होतात. खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोन हातांत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र, म्हणजे खालून वर ब्रह्मा, महेश आणि विष्णू असा क्रम येतो. नृसिंहवाडी आणि गाणगापूर या दोन्ही क्षेत्रांशी जोडलेल्या आपल्या भागात तरी हा क्रम मोडलेली मूर्ती घरात येऊ नये. मागची गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद. श्वान चारच आहेत ना, हेही मोजून पाहावे.

मंगसुळीच्या खंडोबाला मानणाऱ्या घरांनी घोड्यावरची मूर्ती घेताना खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचे पात्र ही चिन्हे, शेजारी म्हाळसा, सोबत कुत्रा आणि घोड्याच्या पायांशी मणी-मल्ल दैत्य पाहावेत. यल्लम्मेची उपासना पुष्कळ घरांत परडीतल्या मुखवट्यावर होते, त्यामुळे तिथे आयुधांपेक्षा मुखावरचा भाव आणि डोळ्यांची रेखणी महत्त्वाची ठरते.

सीमाभागाच्या बाजारात उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही घडणी शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात, हे आपल्याकडचे वेगळेपण आहे. दक्षिणी घडणीत विष्णू किंवा बालाजी शंख-चक्र वर उचललेल्या दोन बोटांच्या टोकांवर अलगद धरतो आणि त्यांच्या कडांना ज्वाला कोरलेल्या असतात. उत्तरेकडच्या घडणीत आयुधे सहसा मुठीत धरलेली असतात. दोन्ही शास्त्रसंमत आहेत. एकाच जोडीतला विष्णू एका घडणीचा आणि लक्ष्मी दुसऱ्या घडणीची घेतल्यास मात्र देवघरात ती विजोड दिसते.

हातघडण कशी ओळखावी

बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाच्या साच्यातून धातूची मूर्ती ओतण्याची रीत दिलेली आहे. मेणाची मूर्ती आधी तोलून घ्यायची आणि तिच्या वजनाच्या हिशेबाने धातू घ्यायचा, हा त्यातला नियम आजही कारागीर पाळतात. पितळ मेणाच्या साधारण नऊ पट जड असते, त्यामुळे हा हिशेब चुकत नाही. तमिळनाडूतील स्वामीमलै येथील स्थपती म्हणजे परंपरागत मूर्तिकार मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून मूर्ती घडवतात, तिच्यावर नदीच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, सावलीत वाळवतात, मग तापवून मेण वितळवून काढतात आणि पोकळ झालेल्या जागेत वितळलेला धातू अखंड धारेने ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. अलीगढ-मुरादाबादकडचे बरेच काम वाळूच्या दोन भागांच्या साच्यातून होते. तो साचा पुनःपुन्हा भरता येतो आणि मूर्ती स्वस्त पडते.

हा फरक हाताने जाणवतो. मूर्तीच्या कुशीवरून, दंडाच्या बाहेरच्या बाजूने आणि प्रभावळीच्या कडेने बोट फिरवावे. दोन भागांच्या साच्याची सांधरेघ कानशीने घासलेली असली तरी बहुधा बोटाला लागते. हात आणि धड यांच्यामधल्या फटीतून प्रकाश दिसतो का, बोटे सुटी आहेत की नुसत्या रेघा मारल्या आहेत, हे पाहावे. दोन्ही कानांतली कुंडले हुबेहूब सारखी नसली तर ती उणीव समजू नये, कारण छिन्नी हाताने चालवल्याची ती खूण आहे.

धातूसाठी लोहचुंबक जवळ ठेवावा. पितळाला तो चिकटत नाही, पण आत लोखंड असल्यास चिकटतो. त्याहून खात्रीची परीक्षा पाण्याची आहे. मूर्ती तोलावी, मग मापाच्या भांड्यात पूर्ण बुडवून पाणी किती वर चढते ते पाहावे. वजनाच्या ग्रॅमला पाण्याच्या मिलिलिटरने भागल्यावर भरीव पितळेचा आकडा ८.४ ते ८.७ च्या आसपास येतो, म्हणजे ८५० ग्रॅमची मूर्ती सुमारे १०० मिलिलिटर पाणी सारते. जस्ताच्या मिश्रधातूवर सोनेरी मुलामा दिलेला असेल तर हा आकडा सातच्या खाली येतो. बंद पोकळी असलेल्या मूर्तीतही आकडा उतरतो, त्यामुळे मूर्ती भरीव म्हणून विकली जात असेल तर ही परीक्षा अवश्य करावी. मूर्ती पंचधातूची असल्याचा दावा डोळ्यांनी तपासता येत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या घडणीसाठी मोजावेत.

रांगता बाळकृष्ण घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. लोण्याचा गोळा धरलेला हात वर असल्यामुळे तो एक तळहात आणि दोन गुडघे अशा तीनच टेकूंवर बसतो. तीन टेकूंची वस्तू डगमगत नाही, पण तोल नीट साधलेला नसेल तर अभिषेकाच्या वेळी ताम्हनात सारखी कलंडते. दुकानातच सपाट फरशीवर ठेवून बोटाने हलका धक्का द्यावा. अन्नपूर्णेच्या हातातली पळी आणि मनगट यांचा जोड तितक्याच काळजीने पाहावा, कारण वाटीतल्या तांदळात रोज ठेवता-काढता पळी तिथेच मोडते.

आकार, प्रतिष्ठा आणि निगा

घरच्या पूजेची मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत असावी, असे मत्स्यपुराण सांगते. वीत म्हणजे बारा अंगुळे, साधारण नऊ इंच. मोठी मूर्ती रोज उचलून स्नान घालणे वयस्कर माणसांना जमत नाही, हे लक्षात घेतले तर या नियमातला व्यवहारही पटतो. धातूची मूर्ती अग्नीतून आलेली असल्यामुळे प्राणप्रतिष्ठेपूर्वी अग्न्युत्तारणाचा विधी करतात. गुरुजींना तसे आधी सांगून ठेवावे.

पंचामृताच्या अभिषेकानंतर दह्याचा आंबटपणा खाचांत राहिला की हिरवा कळंक धरतो, आणि खानापूरसारख्या धो-धो पावसाच्या भागात तो लवकर पसरतो. म्हणून मूर्ती कोमट पाण्याने धुऊन, मऊ ब्रशने खाचा मोकळ्या करून, सुती कापडाने पूर्ण कोरडी करावी. भंडारा साचलेला असल्यास आधी कोरडाच झटकावा, कारण हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि खाचांत डाग दिसतात. चिंच किंवा लिंबू महिन्यातून एखाद्या वेळी, तेही मिनिट-दोन मिनिटे पुरे. आम्ल फार वेळ राहिले तर पितळेतले जस्त निघून जाते आणि तांबूस चट्टे उरतात. मुखावर पावडर किंवा रांगोळी कधीही घासू नये. जुन्या घरांतल्या कितीतरी देवांचे नाक-डोळे वर्षानुवर्षांच्या घासण्यानेच पुसले गेले आहेत.

झिजलेले टाक आणि मूर्ती आपल्याकडे लग्नकार्यापूर्वी उजळून घेण्याची रीत आहे. मूर्ती कारागिराकडे देताना तिचा समोरून आणि मागून फोटो काढून ठेवावा आणि प्रत्येक हातातले आयुध कागदावर लिहून सोबत द्यावे, म्हणजे झिजून अस्पष्ट झालेले चिन्ह तो अंदाजाने कोरणार नाही. हात तुटलेला असेल तर तोच हात जोडून घ्यायचा की धातू आटवून नवी मूर्ती करायची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गुरुजींना विचारून ठरवावे. नवी करायची झाल्यास जुना धातू तोलून द्यावा आणि आपल्यासमोर मुशीत टाकायला सांगावा.